बर्लिनच्या हॉटेलातला झाडू

मॅडमनी झाडू माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आप तो आराम से कर लेंगी, दीदी."

झाडू नवा होता. दांड्यावर दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली. नाटकासाठी खास विकत आणलेला. बाकी सगळं सामान जमवाजमवीचं होतं. पाहुण्याची सुटकेस एका मुलीनं घरून आणली होती, रिसेप्शनवरचा टेलिफोन ऑफिसातला बंद पडलेला होता, वेटरचा ट्रे कॅन्टीनमधून मागून आणला होता. झाडू तेवढा दुकानातून.

मागच्या बाकावरून शुभम म्हणाला, "मॅम, इनको रिहर्सल की क्या ज़रूरत."

वर्ग हसला. मॅडमही हसल्या, मग हसू आवरून त्याला म्हणाल्या, "शुभम, बिहेव." आणि माझ्याकडे वळून टाळी वाजवली. "चलिए, शुरू करते हैं."

मी झाडलं.

पंचेचाळिशीला टेकलेली बाई. माझ्या मुलाच्या वयाच्या पोरांसमोर कमरेतून वाकून वर्गाची फरशी झाडत गेले. पाहुणा झालेला मुलगा सुटकेस ओढत आला, माझ्या झाडूला अडखळल्यासारखं केलं, आणि मी माझा संवाद म्हटला. "एन्टशुल्डिगुंग." म्हणजे माफ करा. पूर्ण नाटकात मला एवढा एकच शब्द होता. पाहुण्याला एकदा म्हणायचा, मॅनेजरला एकदा, आणि शेवटी सगळ्यांना मिळून एकदा.

विषय जर्मन, प्राथमिक अभ्यासक्रम. गाव मध्य प्रदेशातलं बालाघाट. नाटकातलं गाव बर्लिन.

आता क्रमानं सांगते. मला क्रमाशिवाय सांगता येत नाही.

मी अंगणवाडी कार्यकर्ती आहे. माझं कामच क्रमाचं आहे. कोणतं मूल आलं, कोणतं नाही, कोणाचं वजन घटलं, कोणत्या बाईला गोळ्या पोचल्या नाहीत. घरीही तेच. फ्रिजवर कामांची यादी असते, झालं की काट मारायची. त्या यादीत वर्षानुवर्षं एक काम काट न मारता राहिलं होतं. बी.ए. पूर्ण करणं. लग्नात ते सुटलं, मग पोरं झाली, मग नोकरी लागली. आमच्या खात्यात कार्यकर्तीला सुपरवायझर व्हायचं असेल तर पदवी लागते, परीक्षा द्यावी लागते, आणि वयाची अट आहे. माझ्याकडे एकच मौका उरला होता. या वर्षी पदवी हातात आली तर अर्ज भरता येणार होता. पुढच्या वर्षी आली तर ती भिंतीला लावायची.

बालाघाटच्या एका खासगी कॉलेजात नोकरी करणाऱ्यांना शनिवार-रविवारी वर्गात बसता येत होतं, नेहमीच्या मुलांसोबत. माझे दोन विषय राहिले होते. एक जगाचा इतिहास. दुसरा, नव्या नियमाप्रमाणे, एखादी भाषा नाहीतर एखादा हुन्नर. त्यात ब्युटी पार्लर होतं, योग होता आणि जर्मन होतं. पार्लर आणि योग रविवारी. रविवारी मला किरनापूरजवळ गावी जावं लागतं, माय तिथं एकटी राहते. जर्मन शनिवारी होतं, इतिहासाच्या लगेच नंतर, त्याच खोलीत. म्हणून मी जर्मन घेतलं. लोकांना वाटतं, काही मोठं स्वप्न असेल. स्वप्न नव्हतं. वेळ जमत होती.

जर्मनच्या मॅडम मूळ नागपूरच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं जर्मनीत राहून आलेल्या, आणि इथल्या राइस मिलवाल्या घरातल्या सून. गोड बोलायच्या. हे आधीच सांगून ठेवते, कारण लोकांना वाटतं की अपमान करणारा माणूस डोळे वटारतो. मॅडमनी माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. उलट, जेवले का म्हणून विचारायच्या. जर्मनमध्ये बोलताना वर्गातल्या बाकी सगळ्यांना त्या जर्मन रिवाजाप्रमाणे आडनावानं हाक मारत, पुढे हेर किंवा फ्राउ लावून, म्हणजे साहेब किंवा बाई. मला दीदी म्हणत. मी वयानं मोठी म्हणून असेल, असं मी मनाला सांगितलं.

पहिल्या दिवसाचा धडा होता, तुम्ही कोण आणि कुठे राहता. मॅडम बाकाबाकानं जर्मनमध्ये विचारत होत्या. "वो वोनेन झी?" कुठे राहता? आणि प्रत्येकानं उत्तर द्यायचं, "इश वोने इन बालाघाट." मी बालाघाटला राहते. सगळ्यांनी दिलं. मॅडम "गुट, गुट" म्हणत पुढे येत होत्या. माझा बाक आला. मीही तेच वाक्य म्हटलं. जीभ थोडी अडकली, पण म्हटलं.

मॅडम थांबल्या. "बालाघाट में कहाँ?"

हे त्यांनी आधी कोणाला विचारलं नव्हतं. मी वॉर्ड सांगितला.

लहान शहरात वॉर्ड सांगितला की सगळं सांगून होतं. बौद्ध विहार कोणत्या वॉर्डात आहे, मिलवाल्यांची घरं कोणत्या, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझ्या आडनावावरून लगेच कळत नाही, त्या आडनावाचे दुसरेही लोक आहेत. म्हणून वॉर्ड.

"अच्छा," मॅडम म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "अच्छा, अच्छा."

हे दुसऱ्यांदा आलेलं अच्छा मी जन्मभर ऐकत आले आहे. शाळेत ऐकलं. भाड्यानं खोली शोधताना ऐकलं. पहिलं अच्छा म्हणजे ऐकू आलं. दुसरं म्हणजे कळलं.

जर्मनच्या पहिल्याच तासाला माझी जात विचारून झाली.

मॅडमची शिकवायची पद्धत अशी होती की प्रत्येक धड्यावर एक प्रसंग करायचा. दुकान, दवाखाना, स्टेशन, हॉटेल. त्या बसल्या जागेवरून बोट दाखवत आणि पात्रं वाटत. तू ग्राहक. तू दुकानदार. दुकानाच्या धड्यात मला पोती उचलून ठेवणारी केलं. दवाखान्याच्या धड्यात मी डॉक्टर नव्हते, नर्स नव्हते, पेशंटही नव्हते. मी फरशी पुसत होते आणि पेशंटनं विचारलं की बोटानं खोली दाखवत होते. बोट दाखवायला जर्मन लागत नाही. स्टेशनच्या धड्यात मी डबा झाडत होते. घराच्या धड्यात पुस्तकात आई, बाबा, मुलगा आणि मावशी होती. मॅडमनी त्यात कामवाली घातली.

"रियल लाइफ में तो होती है ना," त्या म्हणाल्या.

आणि याच मॅडम आम्हाला सांगायच्या, की जर्मनीत प्रत्येक जण आपलं घर आपण झाडतो, त्यांनी स्वतः तिथं पाच-सहा वर्षं झाडलं.

एकदा मी विचारलं. "मॅडम, आज मले डॉक्टर द्या नं."

मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्याशी एकटीशी बोलताना त्या मराठीत बोलत, स्वच्छ पुणेरी वळणाच्या. "अहो दीदी, डॉक्टरचे संवाद मोठे आहेत. तुम्हाला कशाला ताण? तुम्ही आधीच किती करता."

माझं जर्मन फार चांगलं नव्हतं, हे खरं आहे. शुभमचंही नव्हतं. तो डॉक्टर होता.

माझ्याशिवाय आणखी एकीला ठरलेलं काम मिळायचं. सुनीता. परसवाड्याकडच्या गावची गोंड मुलगी, मुलींच्या होस्टेलात राहायची, विचारल्याशिवाय बोलायची नाही. ती नेहमी वेटर किंवा हमाल. एकाच खोलीत ती ट्रे धरून उभी असायची आणि मी वाकलेली असायचे. आम्ही एकमेकींकडे बघत नव्हतो. बघितलं असतं तर समजून घ्यावं लागलं असतं.

मग कॉलेजनं ठरवलं की वर्षाच्या शेवटी जर्मन दिवस करायचा. बाहेरून पाहुणे येणार, प्राचार्य भाषण देणार, आणि आम्ही नाटक करणार. बर्लिनच्या हॉटेलात एक दिवस. जर्मनच्या तोंडी परीक्षेचे गुण या नाटकावरच मिळणार होते. नाटक केलं तर गुण, गुण मिळाले तर पदवी, पदवी मिळाली तर सुपरवायझरचा अर्ज. इतकी सरळ रांग होती. त्या रांगेच्या तोंडाशी झाडू उभा होता.

रिहर्सलच्या त्या दिवशी घरी आले. नवरा खाणीवरून आलेला, अंगावरची धूळ धुऊन बसला होता. मी सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

"नाटकच हाये नं वं," तो म्हणाला. "दोन मिनिटं वाकाचं अन् मोकळं व्हाचं. डिगरी त भेटन. सुपरवायझर झाली का कोण इचारते तुले, कॉलेजात काय केलतं म्हणून?"

"अन् ते हासतेत, त्याचं काय?"

"हासू दे. आपल्याले कोणी हासलं नाही असा दिवस सांग बरं एखादा."

तो थट्टा करत नव्हता. त्याचा हिशेब बरोबर होता. खाणीवरही त्याच्यासाठी एक मग आहे, जो बाकीच्यांच्या मगांपासून बाजूला ठेवतात. त्याबद्दल तो कधी बोलत नाही. घरून पाण्याची बाटली नेतो.

रविवारी गावी गेले. माय ओसरीवर लाखोळीची डाळ निवडत बसली होती. तिला मी सांगणार नव्हते, पण तिनंच काढलं. कॉलेजात काय शिकवतात म्हणून.

"जर्मनीची भाषा," मी म्हटलं.

"अन् त्या भाषेत तुले काय बोलाचं हाये?"

"नाटक हाये. मी झाडणारी हावो."

मायनं सूप खाली ठेवलं नाही. "त्याच्यासाठी कॉलेजात गेलती? झाडाचं त मले इथंच येत होतं. मीच शिकवलं असतं."

एवढंच बोलली.

पण मला आठवलं. आमच्या गावात मोठ्या शेतकऱ्यांच्या घरी लग्न निघालं की आमच्या मोहल्ल्यातल्या बायांना बोलावणं यायचं. जेवायला नाही. मांडव झाडायला आणि उष्ट्या पत्रावळी उचलायला. जाताना टोपल्यात उरलेलं मिळायचं. सगळ्या बाया जायच्या, मायही जायची, मी तिच्या मागं. मग एका लग्नाला ती गेली नाही. त्या घरचा माणूस आमच्या दारात आला. ओरडला नाही. समजूत काढत होता. तुमच्याशिवाय मांडव कसा झाडला जाईल, वहिनी, असं म्हणत होता. आयुष्यात पहिल्यांदा वहिनी म्हटलं असेल त्यानं. माय म्हणाली, "ज्याईनं जेवलं त्याईनं झाडा."

त्या हंगामात आम्हाला धानकापणीला कोणी बोलावलं नाही. माय बाप दोघं तुमसरकडे गेले, परक्या गावात कापणीला. मी आत्याकडे राहिले. मायनं हे मला कधी धडा म्हणून सांगितलेलं नाही. त्या रविवारीही नाही. ती डाळ निवडत राहिली आणि मी संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

पुढचा शनिवार. आधी इतिहासाचा तास.

इतिहासाचे सर चांगलं शिकवतात. वयस्क आहेत, आवाज खोल आहे, पुस्तक न उघडता बोलतात. त्या दिवशी धडा हिटलरच्या काळाचा होता. सरांनी पडद्यावर एक जुना फोटो लावला. व्हिएन्ना शहर. रस्त्यावर काही माणसं गुडघ्यावर बसलेली, हातात ब्रश, फरशी घासत आहेत. अंगावर चांगले कोट आहेत. ते ज्यू होते, सर म्हणाले, यांत वकील असतील, दुकानदार असतील, कोणी डॉक्टर असेल. त्यांना घरातून बाहेर काढून रस्ता घासायला लावला. आणि त्यांच्याभोवती गर्दी.

"इनको मत देखो," सर म्हणाले. छडी पडद्यावर वर सरकवली. "ये तो मजबूर हैं. पीछे जो खड़े हैं, उनके चेहरे देखो. पड़ोसी हैं इनके. हँस रहे हैं. किसी ने किसी को हाथ नहीं लगाया. बस खड़े हैं और हँस रहे हैं. इतिहास यहाँ से शुरू होता है."

नाटकात रिसेप्शनिस्ट होणारी मुलगी पुढच्या बाकावर होती, तिनं ओढणीनं डोळे टिपले. शुभमनं हात वर केला. त्याचा प्रश्न खोटा नव्हता, मनापासून होता. "सर, किसी ने रोका क्यों नहीं?"

"यही तो सवाल है, बेटा," सर म्हणाले.

मी गर्दीतले चेहरे बघत होते. एक बाई होती, हातात पिशवी, बाजारातून येताना थांबली असावी. ती वाईट दिसत नव्हती. चांगली, नीटनेटकी बाई. ती हसत होती, कारण शेजारचा हसत होता. असा चेहरा मी कुठं पाहिला ते मला आठवावं लागलं नाही. मी मान वळवली असती तर तो माझ्या डाव्या बाजूला होता, उजव्या बाजूला होता आणि मागं होता.

मधल्या सुट्टीत सगळे चहाला गेले. मी खोलीतच बसले. पडदा तसाच खाली होता, आता पांढरा. खोटं कशाला सांगू, भीतीच वाटत होती. सुपरवायझरची परीक्षा डोळ्यांसमोर होती. नवऱ्याचं म्हणणं कानात होतं.

मॅडम आल्या. टेबल सरकवले गेले. झाडू माझ्याकडे आला.

"मॅडम, मी हे करणार नाही," मी म्हटलं.

"क्या हुआ दीदी? तबियत?"

"तब्येत चांगली आहे. झाडू करणार नाही. पाहुणी द्या, मॅनेजर द्या, कोणतंही द्या. पाठ करून येते."

"अरे, ये तो बस रोल है. कला में छोटा-बड़ा कुछ नहीं होता."

"मग शुभमला द्या."

शुभम उडालाच. "मैं? मैं क्यों?"

तो रागावलाही नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं. मीच का, हा प्रश्न त्याच्या तोंडून श्वासासारखा निघाला. मला तो पहिल्या तासापासून त्या दिवसापर्यंत विचारता आला नव्हता. मी डॉक्टर मागितला होता. झाडू का, हे विचारलं नव्हतं. कारण मला वाटत होतं की उत्तर मला माहीत आहे, आणि माहीत असलेलं उत्तर विचारायचं नसतं. इथंच आम्ही फसतो. समोरच्याला ते उत्तर स्वतःच्या तोंडानं कधी द्यावंच लागत नाही.

मॅडमनी सुस्कारा टाकला. घड्याळ बघितलं. "ठीक है, टाइम नहीं है. सुनीता, तुम कर लो. वेटर कोई और कर लेगा."

सुनीता उठली. माझ्याकडे आली आणि माझ्या हातातून झाडू घेतला. पहिल्यांदा तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत राग होता, आणि तो माझ्यावर होता.

तेव्हा मला कळलं. माझ्या नकारानं काही थांबलं नव्हतं. झाडू एक बाक पुढं सरकला होता, बस. मायनं मांडव झाडला नाही तेव्हाही तो कोणीतरी झाडलाच असणार. जेवणाऱ्यांनी नाही. आमच्याच मोहल्ल्यातल्या दुसऱ्या बाईनं. मी करणार नाही एवढं म्हणून भागत नाही.

मी सुनीताच्या हातातून झाडू परत घेतला आणि दारामागं उभा करून ठेवला.

"ही पण करणार नाही," मी म्हटलं.

मॅडमचा गोडवा पहिल्यांदा उतरला. "आप बैठ जाइए. यहाँ टीचर आप नहीं हैं." मग मराठीत, हळू आवाजात, "माझ्या वर्गात तुमचं राजकारण आणू नका."

मी पिशवी उचलली. दारातून वळून वर्गाकडे पाहिलं. कोणी हसत नव्हतं. कोणी उठलंही नव्हतं.

सोमवारी प्राचार्यांकडे अर्ज दिला. सरळ लिहिला. काय घडलं ते क्रमानं, आणि शेवटी एकच मागणी. कोणी माफी मागावी असं म्हटलं नव्हतं, कोणाला काढा असंही नाही. मागणी एवढीच होती की यापुढं वर्गात पात्रं हजेरीच्या क्रमानं वाटावीत. ज्याचा नंबर येईल त्याला जे येईल ते. माझ्या अंगणवाडीत मुलं आगगाडीचा खेळ खेळतात, तेव्हा मी हेच करते. नाहीतर एकच पोरगं रोज इंजिन होतं आणि एकच रोज शेवटचा डबा. यासाठी कोणतं मोठं शास्त्र लागत नाही.

काही दिवसांनी बोलावणं आलं. खोलीत प्राचार्य होते, मॅडम होत्या, आणि इतिहासाचे सर होते. मला खुर्ची दिली. चहा आला.

प्राचार्य म्हणाले, "मैडम आपसे सॉरी बोलने को तैयार हैं."

मॅडमचे डोळे लाल होते. त्या नाटक करत नव्हत्या, खरंच रडल्या होत्या. "मैंने तो हमेशा दीदी कहा," त्या म्हणाल्या. "कभी भेदभाव सोचा भी नहीं."

"माफी नको," मी म्हटलं. "पात्रं हजेरीप्रमाणं वाटू, एवढं लिहून द्या."

मॅडम ताठ झाल्या. "ऐसे कैसे? टीचर का भी कुछ अधिकार होता है. कौन किस रोल में सूट करता है, ये तो मुझे ही देखना पड़ेगा ना."

माफी मागायला त्या तयार होत्या. क्रम द्यायला तयार नव्हत्या.

प्राचार्यांनी एक टाइप केलेला कागद पुढं सरकवला. दोन ओळी. गैरसमज झाला होता, तक्रार मागे घेत आहे. त्यावर पेन ठेवला. तोंडी परीक्षेचे गुण मॅडम वर्षभराच्या कामावरून देतील, तुमचं वर्ष जाणार नाही, असं म्हणाले. आणि हेही सांगितलं की सुनीताला विचारलं होतं, तिची काही तक्रार नाही. "जब उसको तकलीफ नहीं, तो आपको क्यों?"

सुनीताला मी दोष देत नाही. होस्टेलची खोली त्यांच्याच हातात आहे.

मग सर बोलले. त्याच खोल आवाजात. "देखिए, आप समझदार हैं, नौकरी वाली हैं. एक साल का सवाल है. मैडम का इरादा बुरा नहीं था. बात को बढ़ाने से क्या मिलेगा?"

"सर," मी म्हटलं, "त्या फोटोत मागं जे उभे होते, त्यांचा इरादा काय होता?"

"वो अलग बात है."

"काय अलग आहे ते सांगा. परीक्षेत आलं तर लिहीन."

सरांनी चष्मा काढला. रुमालानं पुसला. चष्मा पुन्हा घातला तेव्हा ते खिडकीकडे बघत होते.

पेन समोर होता. मी त्या क्षणी फार शूर वगैरे नव्हते. मी डोक्यात जुळवणी करत होते. सही केली तर पदवी. पदवी तर परीक्षा. सुपरवायझर झाले तर गावोगावच्या अंगणवाड्यांची पाहणी माझ्याकडे, म्हाताऱ्या मायला इथं आणायला दोन खोल्यांचं घर. सगळं खरं होतं, हाताच्या अंतरावर होतं. फक्त दोन ओळी खोट्या होत्या. गैरसमज झाला होता, असं मी लिहून द्यायचं होतं. म्हणजे मला जे समजलं ते समजलंच नव्हतं, असं माझ्याच सहीनं. वाकून फरशी झाडली तेव्हा निदान मान वर करता येत होती. या कागदाखाली सही केली असती तर पुन्हा कधी कोणाला मीच का, असं विचारायची सोय उरली नसती.

मी कागद परत सरकवला. चहा तसाच ठेवून उठले.

जर्मन दिवस झाला. मी गेले नाही. रिसेप्शनिस्ट झालेली मुलगी नंतर बाजारात भेटली, तिनं सांगितलं की झाडूवालीचं पात्रच काढून टाकलं. नाटक छान झालं म्हणाली, कोणाच्या लक्षातही आलं नाही. म्हणजे नाटकाला त्या पात्राची गरज कधी नव्हती. गरज वर्गाला होती.

निकाल लागला. इतिहासात पास झाले, गुणही बरे आहेत. जर्मनच्या तोंडी परीक्षेपुढं अनुपस्थित असं लिहून आलं. सुपरवायझरच्या अर्जाची तारीख आली आणि गेली. आमच्या भागाला नवी सुपरवायझर मिळाली आहे, वयानं माझ्याहून पुष्कळ लहान. मी तिच्यासमोर रजिस्टर उघडून उभी राहते. ती चांगली मुलगी आहे. तरी तिची जागा माझी झाली असती, असं मनात येतं. ते येतं हे मी लपवणार नाही.

नवऱ्यानं विचारलं, "आता काय?"

"आता जर्मन पुन्हा घेतो," मी म्हटलं.

"आता काहून? आता त काही भेटाचं नाही त्या डिगरीतून."

"म्हणूनच."

त्याला सुरुवातीला कळलं नाही. मग कळलं. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना त्यानं बाटली घेतली नाही. खाणीवर काय झालं, कोणत्या मगात पाणी प्याला, हे मी विचारलं नाही. ते त्याचं त्यानं करायचं आहे.

प्रवेशाचा फॉर्म भरून झाला. तोच वर्ग, त्याच मॅडम, शनिवारच. या पदवीतून मला आता काही मिळायचं नाही, म्हणून ती अडवून मला कोणी वाकवू शकत नाही. विद्यापीठाला तक्रार पाठवली आहे. उत्तर आलं नाही. दर महिन्याला पाठवीन. उत्तर आलं तरी आणि नाही आलं तरी, वर्गात मी असेनच. पुढच्या बाकावर.

मला आडनावानं हाक मारा, हे पहिल्या तासाला सांगणार आहे. वॉर्ड विचारला तर आधी सगळ्यांना विचारा, म्हणेन. आणि मॅडमनी बोट उचललं की मी उभी राहीन आणि हजेरी वाचायला सांगीन, वरून खाली, एकेक नाव. माझा नंबर आला आणि झाडायचं निघालं तर झाडीन. त्याच्या आधी ज्यांचे नंबर आहेत, त्यांनी झाडलेलं मला दिसलं पाहिजे. ते दिसेपर्यंत त्या वर्गात धडा पुढं जाणार नाही.